नळावरची जागा पुढे कोणाला दिली?

प्रथम तारखा मांडतो.

मार्च १९६८. पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या आणि विलायतेचाच पासपोर्ट बाळगणाऱ्या हिंदी कुटुंबांनी वर्षाला किती संख्येने विलायतेत यावे, याचा आकडा ठरवणारा कायदा तेथील संसदेने तीन दिवसांत उरकला. जबाबदार : त्या तीन दिवसांत हात वर करणारे सभासद.

जून १९६९. आमच्या बोळात, या वर्षी आणखी नवे बिऱ्हाड नळावर घेतले जाणार नाही, अशी लेखी सूचना लागली. जबाबदार : मी.

ऑक्टोबर १९७१. एका अर्जाला जो कागद जोडायला नको होता तो जोडला गेला. जबाबदार : पुन्हा मीच.

सप्टेंबर १९७६. एका माणसाने रांगेतील आपली जागा हातात आल्यावर परत केली. ती पुढे कोणाला मिळाली, हे आजतागायत कळवण्यात आलेले नाही. जबाबदार : ज्या कचेरीने ती परत घेतली, ती.

चार कलमांपैकी दोन माझ्या नावावर आहेत, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. माझी उभी नोकरी कोल्हापूरच्या न्यायालयात शिरस्तेदार म्हणून, म्हणजे प्रत्येक कागद ज्याच्या हातून जातो असा कारकून म्हणून झाली. आरोपपत्र लिहायचे आणि त्यातून स्वतःला वगळायचे, हे मला जमणारे नाही. मला राग आहे, आणि तो मी लपवत नाही. मात्र हा मजकूर लिहायला मी बसलो तो मुख्यतः काही माणसांचे उपकार नोंदवून ठेवण्यासाठी. त्यांतील दोघांची नावे मला ठाऊक आहेत, पण ती इथे देणार नाही. तिसऱ्याचे नाव मला कधी कळलेच नाही.

शुक्रवार पेठेतला आमचा बोळ चढावर आहे. त्या काळी बावीस बिऱ्हाडांत मिळून एक नळ होता, आणि सकाळी सहा ते साडेसात एवढा वेळ त्याला करंगळीएवढी धार येई. बायका आदल्या संध्याकाळीच घागरी, कळश्या, डबे ओळीने लावून ठेवीत. ज्याची घागर, त्याची जागा. या रांगेचा एक रिवाज होता. एखादीला त्या दिवशी पाणी नको असेल, पाहुण्यांकडे जायचे असेल किंवा घरात कोणी आजारी असेल, तर तिने नुसती घागर उचलून चालत नसे. रांगेसमोर उभे राहून मोठ्याने सांगावे लागे की मी सोडते आहे आणि माझी जागा अमकीला. गुपचूप सोडलेल्या जागेवरून हमखास भांडण होई, म्हणून हा रिवाज पडला असावा. कोणी लिहून ठेवला नव्हता, आणि कोणी मोडलेलाही मी पाहिला नाही.

रांगेवर देखरेख होती बोळाच्या तोंडाशी दोन म्हशी पाळणाऱ्या एका विधवा बाईची. सारा बोळ तिला मावशी म्हणे. तिला अक्षर ओळखता येत नव्हते, परंतु कोणाची घागर कितवी हे तिला पाठ असे. म्हशींमुळे सर्वांत जास्त पाणी तिलाच लागे, तरी तिची पहिली घागर कधी पाचवीच्या पुढे गेली नाही.

पाणी पुरेना, तेव्हा बोळातील कर्त्या पुरुषांनी माझ्या ओसरीवर बसून ठराव केला की एका वर्षात एकच नवे बिऱ्हाड नळावर घ्यावे. मसुदा मी केला. त्याला उद्देशिका होती, व्याख्या होत्या, आणि ‘बिऱ्हाड’ कशास म्हणावे यावर दोन पोटकलमे होती. त्या वर्षी पाडव्याला शाहूवाडीकडून आलेल्या एका शाळामास्तरांचे कुटुंब घेतले गेले आणि वर्षाचा आकडा भरला. जून महिन्यात बोळाच्या टोकाची दोन खोल्यांची जागा एका जोडप्याने भाड्याने घेतली, तेव्हा मी ठरावानुसार सूचना लिहिली, सही केली आणि नळामागच्या भिंतीला चिकटवली.

हे जोडपे नैरोबीहून आले होते. नवऱ्याचे आजोबा पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावातून रेल्वेच्या कामावर आफ्रिकेत गेलेले. नातवाचे तेथे मोटारदुरुस्तीचे गॅरेज होते. कायदा येणार अशी कुणकुण लागली तेव्हा त्यांनी आई आणि धाकटा भाऊ यांना फेब्रुवारीतच विमानाने विलायतेला पाठवले. स्वतः मागे राहिले ते गॅरेजमध्ये उघड्या पडलेल्या चार मोटारी पुन्हा जोडून मालकांना परत देण्यासाठी. त्याला दहा दिवस लागले. तेवढ्यात कायदा झाला. मग आफ्रिकेत राहण्याची मुदतही संपत आली, तेव्हा आपला नंबर लागेपर्यंत वाट पाहायला म्हणून नवरा-बायको आजोबांच्या मुलखात आले. बोळात त्यांना पहिल्या दिवसापासून पावणं म्हणू लागले. ते आपल्या आईकडे जायला निघालेले होते. फक्त मध्ये एक आकडा आडवा आला होता.

पहिल्या सकाळी त्यांची पत्नी कळशी घेऊन नळावर आली, माझी सूचना वाचली आणि रिकाम्या कळशीनिशी परत गेली. मावशीने विचारले, ती बाई माघारी का गेली. कोणीतरी भिंतीकडे बोट दाखवले. मला बोलावणे आले. मी गालावर दाढीचा साबण तसाच घेऊन गेलो.

“शिरस्तेदार, काय लिवलंय त्ये वाचा,” मावशी म्हणाली.

मी उद्देशिकेपासून वाचले. पाणी मर्यादित आहे, धार मंद आहे, दर वर्षी कितीही बिऱ्हाडे आली तर कोणालाच पुरणार नाही, हे मी तिला समजावून सांगितले. ती मान डोलवत ऐकत होती.

“बरोबर हाय की,” ती म्हणाली. “पाणी मोजूनच घ्याया पायजे. पर ती बाई आज आलीया. तिला काय सांगू, फुडच्या पाडव्याला तहान लागू दे म्हणून?”

मी म्हणालो, नियम एकदा मोडला की मोडतच राहतो.

“मग मोडू नगा. नियम तुमचा, नंबर माझा.” आणि मग रांगेकडे तोंड करून, रिवाजाप्रमाणे मोठ्याने : “माझी जागा पावण्यांच्या बाईला. मी मागं. कुणाला काय म्हणायचं असंल तर आत्ता म्हणा.”

शेजारीण जाऊन त्या बाईला परत घेऊन आली. मावशी तेविसाव्या जागी गेली. त्या सकाळी तिच्या म्हशींना पाणी पुरले नाही, आणि ती बादल्या घेऊन पलीकडच्या पेठेत गेली. दुसऱ्या दिवशी शाळामास्तरांच्या घरून एक घागर कमी आली, तिसऱ्या दिवशी आमच्या घरून, आणि आठवडाभरात प्रत्येक घराने एकेक घागर कमी करून मावशीला पुन्हा पाचव्या जागेवर आणले. माझी सूचना भिंतीवर तशीच राहिली. पुढे पावसाने ती धुतली. ती बाई परत आली नसती तर मी आयुष्यभर स्वतःला नियमाचा माणूस समजत राहिलो असतो, म्हणून त्या सकाळी मला बोलावून घेतल्याबद्दल मी मावशीचा ऋणी आहे.

पावण्यांनी उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर काम धरले. महिन्याभरात त्यांनी नळाला दोन तोंडांची तोटी बसवली. पाणी तेवढेच राहिले, भांडणे मात्र निम्मी झाली. एके दिवशी संकोचाने ते माझ्याकडे आले. मुंबईच्या कचेरीला, म्हणजे ज्या कचेरीतून विलायतेची परवानगी मिळायची तिला, पत्र कसे लिहावे हे त्यांना विचारायचे होते. तेव्हापासून त्यांचा पत्रव्यवहार मी पाहू लागलो.

न्यायालयात मी तारखांवर तारखा पाहिल्या होत्या, त्यामुळे विलंबाने मी चिडणारा नव्हतो. मला चिडवले ते दुसऱ्याच गोष्टीने. आम्ही विचारत असू की आमच्या पुढे किती जण आहेत. उत्तर येई छापील : आपला अर्ज विचाराधीन आहे, या वर्षाची संख्या पूर्ण झाली आहे. संख्या पूर्ण झाली हे मान्य. पण यांचा क्रमांक कितवा? गेल्या वर्षी होता त्यापेक्षा पुढे सरकला की मागे? आमच्या बोळात निरक्षर बाईसुद्धा आपल्या पुढे किती घागरी आहेत हे डोळ्यांनी पाहू शकत होती. त्या माणसाला मात्र रांग आहे असे सांगितले होते आणि रांग कधीच दाखवली नव्हती.

आणि मग माझ्या हातून ते घडले. ऑक्टोबर १९७१ मध्ये कचेरीने पत्त्याचा पुरावा मागितला. साध्या माणसाने भाड्याची पावती पाठवली असती. मी शिरस्तेदार. एका पुराव्याने माझे समाधान होत नसे. मी भाडेचिठ्ठी जोडली, कारखान्याचा दाखला जोडला, आणि शिवाय, साखर मिळावी म्हणून मीच खटपट करून त्यांना काढून दिलेल्या रेशनकार्डाची साक्षांकित प्रत, इंग्रजी भाषांतरासह. रेशनकार्डावर ‘कायम रहिवासी’ असे छापलेले होते. ते सगळ्यांच्याच कार्डावर असे, कोणी वाचत नसे. भाषांतर करताना मी ते मात्र काळजीपूर्वक केले.

दोन महिन्यांनी उत्तर आले. अर्जदार भारतात कायमचा स्थायिक झाल्याचे दिसते, सबब अर्ज मागे ठेवण्यात येत आहे.

ते पत्र घेऊन त्यांच्या खोलीपर्यंत चालत जाताना मला जेवढी लाज वाटली तेवढी त्याआधी किंवा नंतर वाटलेली नाही. मी सर्व सांगितले. त्यांची पत्नी रताळी उकडत होती. आफ्रिकेतल्या कसल्याशा कंदाची आठवण म्हणून ती रताळ्यांवर लिंबू आणि तिखट घालून देई. तिने ताटली माझ्यासमोर ठेवली. पावण्यांनी पत्र दोनदा वाचले.

“साहेब, मी दहा दिवस मोटारी जोडत बसलो,” ते म्हणाले, “आणि तुम्ही एक कागद जास्त जोडला. आपण दोघंही काम अर्धं टाकणारे नव्हं, एवढंच चुकलं.”

या वाक्याबद्दल त्यांचे आभार मानायला मला कधी धीर झाला नाही. आज इथे मानतो.

त्याच रात्री न बसता दुसऱ्या दिवशी दुपारी, मुद्दाम शांत डोक्याने, मी माझ्या आयुष्यातील सर्वांत छोटे पत्र लिहिले. कलमे नाहीत, संदर्भ नाहीत. कागद मी जोडला, अर्जदाराने नव्हे. ते शब्द सर्वांच्या कार्डावर छापलेले असतात. शिक्षा करायची तर मला करा, मला विलायतेला यायचेच नाही, त्यामुळे तुमची पंचाईत होईल खरी, पण माझी चूक त्यांच्या रांगेतून वळती करू नका. उत्तर यायला चौदा महिने लागले. छापील मजकूर नेहमीचाच होता. पण समासात कोणीतरी पेन्सिलीने, बारीक तिरक्या अक्षरांत, इंग्रजीत लिहिले होते की मूळ अर्जाचीच तारीख धरली जाईल. सही नव्हती.

कोण होते ते? गोरा साहेब, की फोर्टात लोकलने येणारी एखादी कारकून बाई? मला माहीत नाही. नियमाने त्यांना असे लिहिता येत नव्हते, म्हणून तर पेन्सिल. कारकुनाच्या हातात केवढी ताकद असते हे मी जाणतो, आणि ती माणसाच्या बाजूने वापरणे किती क्वचित घडते हेही जाणतो. मी ज्यांचे नाव कधी कळले नाही असे म्हटले, ते हे. माझ्या चुकीचे ओझे त्यांनी पाच-सात शब्दांत उतरवले.

१९७४ च्या जानेवारीत विलायतेहून निळे हवाईपत्र आले. आईच्या डोळ्यांना दिसत नसे. मजकूर तिने सांगितलेला, अक्षर धाकट्या मुलाचे. पावण्यांनी ते मला वाचायला दिले, कारण त्यांना पुढे वाचवेना. आईने कळवले होते : तुला इकडे येता येत नाही, तर मी तिकडे येते. तुला आकडा आहे, मला कोणी घातलेला नाही. मुक्कामाच्या परवान्याचे तुझे ते वकीलसाहेब बघतील. वकीलसाहेब म्हणजे मी. पत्रांतून माझी बढती झाली होती.

ती आली, लांब लोकरी कोट घालून, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. तिच्या मुक्कामाच्या परवान्याचे अर्ज मी केले, आणि या वेळी मागितला तेवढाच कागद जोडला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती सुनेचा हात धरून नळावर आली. मावशीने थट्टेने विचारले, आज्जी, तुमचा नंबर कितवा?

“माझा नंबर लेकाच्या आधी लागला गं,” म्हातारी म्हणाली. “तेवढंच चुकलं होतं. आता बरोबर आहे.”

 मावशीने म्हातारीला बसायला दगडावर पोते टाकून दिले. तेव्हापासून रोज सकाळी म्हातारी त्या दगडावर बसे आणि घागरी मोजे, दिसत नसताना, भरण्याच्या आवाजावरून. चुकली की मावशी तिला चिडवी, आणि बरोबर आली की स्वतःच चुकली असे सांगे. पावणे कामावर जाताना तिच्या पाया पडून जात, आणि वळणावरून एकदा मागे बघत. आईजवळ पोचणे, एवढ्यासाठीच तर त्यांची सारी वाट होती. ती आमच्या बोळात, आमच्या नळापाशी पुरी झाली. आम्ही केले काही नाही. आमच्या डोळ्यांसमोर घडले, हेच भाग्य.

सव्वादोन वर्षे ती राहिली. १९७६ च्या जुलैमध्ये, दोन दिवसांच्या तापाने गेली. मुलगा उशाशी होता.

त्यानंतर सातव्या आठवड्यात मुंबईहून जाड पाकीट आले. आपला क्रमांक लागला आहे. पतिपत्नींनी अमुक मुदतीत यावे. मी पाकीट घेऊन तडक त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांना मी माझे मत दिले, आणि ते कायदेशीर मत होते : जा किंवा जाऊ नका, पण हक्क सोडू नका. कोल्हापूरलगतच्या शिरोलीत तोपर्यंत त्यांनी एका भागीदाराबरोबर छोटी शेड घेतली होती, लेथ होता, चार कामगार होते. तरी हक्क तो हक्क.

पत्नी म्हणाली, ज्यांच्यासाठी रांगेत उभे होतो त्या इकडेच येऊन गेल्या. पावणे मला म्हणाले :

“साहेब, नळावर पाणी नको असलं तर आपण काय करतो? जागा धरून बसतो व्हय?” सात वर्षांत व्हय-न्हाय त्यांच्या तोंडी बसले होते. “माझ्या मागं कोण तरी हाय. त्याचीबी आई कुठंतरी असंल. त्याला द्या म्हणून लिहा. आणि दिली का न्हाय ते कळवा म्हणावं. मोठ्यानं.”

मी तसे लिहिले. परवानगी परत जोडली. विनंती एकच होती : ही जागा माझ्या लगेच मागे असलेल्या कुटुंबास द्यावी, त्यांचे नाव आम्हास नको, दिली, एवढे मात्र कळवावे. पोच आली. छापील. परवानगीची कागदपत्रे मिळाली, प्रकरण बंद करण्यात आले आहे.

मी पुन्हा लिहिले. दर वर्षी लिहिले. दर वर्षी पोच आली. आज १९८८ साल आहे. बोळात आता घरोघर नळ आले. पावणे केव्हाच भारताचे नागरिक झाले. त्या अर्जाला मी मोजून तीनच कागद जोडले. मावशी थकली आहे, म्हशी विकल्या, पण टपालवाला माझ्या दारात थांबलेला दिसला की ती ओट्यावरून विचारते, “आलं का उत्तर, शिरस्तेदार?” मी नाही म्हणतो. “म्हंजे गुपचूप सोडली जागा,” ती म्हणते, आणि तिच्या तोंडून यापेक्षा जड ठपका मी ऐकलेला नाही.

मला विचारतात, परदेशांनीच काय, आपल्या विधिमंडळांनीही बाहेरून येणाऱ्यांना वर्षाची मर्यादा घालावी की नाही? आसामात गेली काही वर्षे यावरून काय पेटले ते सर्वांनी वाचले आहे, त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मी स्वतः मर्यादा घातलेला माणूस आहे. पाणी मोजावे लागते, जमीन आणि नोकऱ्याही मोजाव्या लागतात. ज्या सभेला मोजण्याचा अधिकार आहे तिने ते करू नये असे मी म्हणणार नाही. परंतु जो आकडा घालतो त्याने रांग उघड्यावर मांडली पाहिजे. दारात आलेल्याला आपण कितवे आहोत हे कळले पाहिजे. आपल्याच पासपोर्टावर भरवसा ठेवून आलेल्याला तीन दिवसांत परका ठरवता कामा नये. आणि सुटलेली जागा कोणाची झाली हे चारचौघांत सांगितले पाहिजे, कारण ते सांगितले नाही तर आकडा पाणी पुरावे म्हणून घातला की तोटी बंद ठेवावी म्हणून, हे कोणालाच कळत नाही. हे मी कायद्याच्या पुस्तकांतून शिकलो नाही. मावशीने ते मला दाढीचा साबण सुकायच्या आत शिकवले.

सबब माझी मागणी. सप्टेंबर १९७६ मध्ये जी कचेरी होती तिच्या गादीवर आज जे कोणी बसले असतील त्यांनी, आणि दर वर्षी ते आकडे ठरवणाऱ्या त्यांच्या मंत्र्यांनी, खासगी पत्राने नव्हे तर वर्तमानपत्रात, पदनाम आणि सहीनिशी उत्तर द्यावे. कोल्हापूरच्या एका लेथवाल्याने रांगेसमोर उभे राहून आपली जागा मागच्या माणसाला दिली होती. ती त्या माणसापर्यंत पोचली काय? होय किंवा नाही, एवढेच लिहा. म्हातारपणी एका बाईला ते मोठ्याने वाचून दाखवायचे आहे.